दोघींची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाईंचा निरोप आला की, वर्धापनदिनी 'मुलांच्या खोलीची सजावट' या विषयावर तुम्ही अर्धा तास बोलावे. मी म्हटले, "अहो, गृहशोभनाचा एकही वर्ग मी केलेला नाही. आमच्या मुलींच्या खोलीत आहे काय, तर जुन्या बाजारातून उचलून आणलेल्या चार वस्तू!" त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या चार वस्तूंविषयीच बोला." तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्याला व्याख्यान न म्हणता एका घरातली हकिकत म्हणावे, आणि तिच्यातून कोणाला काही उपयोगाचे सापडले तर घ्यावे, एवढीच विनंती आहे.

हकिकतीची सुरुवात माझ्या चुकीपासूनच करावी लागते.

माझ्या धाकट्या दिरांचे चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान. २२ जुलै २०२१ या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल. दिरांचे दुकान आणि घराचा तळमजला दोन्ही पाण्याखाली गेले. माणसे वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. मागे राहिला तो चिखल. दिरांनी आणि जाऊबाईंनी कंबर कसली. पण दुकान पुन्हा उभे करताना मुलीच्या शाळेकडे, जेवणाखाणाकडे लक्ष पुरेना. शेवटी सर्वांनी मिळून ठरवले की, पुतणीने दोन-तीन वर्षे पुण्यास आमच्याकडे राहून शिकावे. २०२२ च्या जूनमध्ये ती आली, तेव्हा ती पाचवीत होती आणि माझी मुलगी सातवीत.

आमच्या घरी मुलांची म्हणून खोली एकच, दहा फूट बाय अकरा फूट. ती तोवर माझ्या मुलीची एकटीची होती. आता तिच्या राज्यात वाटेकरी येणार, तेव्हा तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिच्यासाठी नवा पलंग आणि नवे टेबल घेतले. तिचा जुना लहान पलंग, जुने टेबल आणि कपाटाचा खालचा कप्पा पुतणीला दिला. वस्तू चांगल्या होत्या, मोडक्या मुळीच नव्हत्या. पुतणीने येताना आपल्या आजोळची एक गोधडी आणली होती. पुरातून निघाल्यावर ती तीनदा धुतली होती, तरी तिच्या एका कडेला चिखलाचा तांबूस डाग राहिलाच होता. ती मी घडी करून माळ्यावर टाकली आणि पोरीला फुलाफुलांची नवी चादर दिली. खोली नीटनेटकी दिसू लागली. माझे मला समाधान वाटले.

पुतणीने कशाबद्दलही तक्रार केली नाही. तीच गोष्ट मला पुढे पुढे खुपू लागली. "काकू, दिवा लावू का?" "काकू, या खिळ्याला दप्तर अडकवू का?" "काकू, खिडकी उघडली तर चालेल का?" प्रत्येक गोष्टीला परवानगी. आल्याला महिना झाला तरी तिचे कपडे पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या बॅगेतच असत, आणि बॅगेची चेन ओढलेली असे. एके दिवशी मी विचारले, "अगं, कपाटात तुला कप्पा रिकामा करून दिला आहे ना?" ती हळूच म्हणाली, "ते ताईचं कपाट आहे." मग माझ्या ध्यानात आले की, पलंगही ताईचा होता, टेबलही ताईचे होते आणि भिंतही ताईचीच होती.

दुसऱ्या बाजूने माझी मुलगीही धुसफुसत होतीच. "माझ्या टेबलावर ती अभ्यास करते," असे तिने मला दोनदा सांगितले. तिला नवे टेबल मिळाले होते, तरी जुन्यावरची तिची मालकी सुटली नव्हती. मैत्रिणींनो, त्या दोघींपैकी चूक एकीचीही नव्हती. आपली वापरलेली वस्तू घरातल्याच दुसऱ्या मुलीला देताना मी एकीला दाता केले होते आणि दुसरीला याचक. पाचवीतली पोर असली तरी आपण कोणाचे ऋणी आहोत हे तिला बरोबर समजते.

सर्वच नवे घ्यावे, असा विचार आम्ही केला. पण नव्या जोड्या घ्यायच्या तर यजमानांच्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर रक्कम जात होती. दिरांच्या दुकानासाठी आमचे हात आधीच थोडे रिकामे झाले होते. शिवाय नवे आणले असते तरी पुतणीच्या लेखी ते 'काकांनी घेऊन दिलेले' झाले असते.

याच सुमारास एका रविवारी मी दोघींना बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. आपल्यापैकी बहुतेकींनी ते पाहिले असेल. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि लहान वयात गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव दिले. पुढे १९७५ मध्ये हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे सिंहासने थोडी आणि दिवे, अडकित्ते, फण्या, दारे, स्वयंपाकघरातली भांडी हीच फार. आपल्यासारख्यांच्या घरांतल्या वस्तू. आमच्या मुली एका लाकडी दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला होता, तिथले लाकूड चकचकीत झाले होते. पुतणी म्हणाली, "हे कोणाचं होतं?" मुलगी म्हणाली, "आता कोणाचंच नाही." आणि मला वाट सापडली. जी वस्तू आमच्या घरात कोणाचीच नव्हती, अशी जुनी वस्तू आणली, तर ती दोघींची एकाच दिवशी होईल!

घरी हा बेत सांगताच सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. "कोणाच्या घरातली खाट, कोण जाणे तिच्यावर कोणी प्राण सोडला असेल! आणि दिराच्या मुलीला जुन्या बाजारातली खाट दिली, असं चिपळूणला कळलं तर लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "खाटा दोन आणीन. एक माझ्या मुलीलाही तशीच." त्यावर त्या गप्प बसल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत आहे, पण तो भरतो बुधवारी आणि रविवारी. आम्ही रविवारी सकाळी लवकर गेलो. निघताना मी दोघींना नियम घालून दिला की, दोघींना पसंत पडेल तीच वस्तू घ्यायची. एकीने 'नको' म्हटले की पुढे चालायचे, कारण विचारायचे नाही. सांगावयास आनंद वाटतो की, पहिला नकार पुतणीनेच दिला. माझ्या मुलीला भोंग्याचा एक ग्रामोफोन फार आवडला होता. पुतणीने त्याच्या भोंग्याखाली बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "हा नवा आहे, ताई. जुना वाटावा म्हणून काळा केलाय." ती दुकानदाराची मुलगी! विक्रेता हसला आणि त्याने आम्हाला पलीकडच्या खऱ्या जुन्या ढिगाकडे पाठवले.

खरे जुने कसे ओळखावे, ते त्या दिवशी आणि नंतर आमच्या सुतारमिस्त्रींकडून मी जेवढे शिकले तेवढे सांगते. लाकडी वस्तू आधी उलटी करून पाहावी. वरचा भाग कोणीही चमकवून ठेवतो. तळ खोटे बोलत नाही. खण ओढून कोपऱ्याचा सांधा पाहावा. फळ्या एकमेकींत दातांसारख्या अडकवलेल्या असतील तर ते काम मेहनतीचे, आणि नुसत्या खिळ्यांवर उभे असेल तर हलके समजावे. सागवान हाताला जड लागते, आणि कोपरा किंचित घासला तर त्याचा तेलकट वास येतो. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर कडेला तो थर दिसतो. घासाघीस करण्याआधी वस्तू हलवून पाहावी. डगमगते ती दुरुस्त होते, पण कुजलेली दुरुस्त होत नाही.

त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी मिळून आम्ही घेतले ते असे. दोन लोखंडी खाटा, उशाकडे नक्षीची जाळी असलेल्या. जोडी नव्हे, पण उंचीला सारख्या. एक सागवानी पेटी, पितळी कड्यांची. सहा खुंट्यांचे एक खुंटाळे. आणि सर्वांत आवडती वस्तू म्हणजे शाळेतला दोघांचा जुना बाक, पुढे उतरती फळी आणि फळीत दौतीसाठी दोन गोल भोके असलेला.

त्या बाकाच्या फळीवर मधोमध कर्कटकाने कोरलेली एक खोल रेघ होती. कोणत्या शाळेतल्या कोणत्या दोन पोरांनी 'ही माझी बाजू, ती तुझी बाजू' म्हणून ती पाडली असेल, देव जाणे! आपल्यापैकी कितीजणींनी शाळेत अशी रेघ पाडली असेल ते मी विचारीत नाही. व्यासपीठावरच दोघीजणी हसत आहेत. मिस्त्री म्हणाले, "ताई, एक रंधा मारतो, फळी गुळगुळीत होईल." दोघी मुली एकदम ओरडल्या, "नको!" पुतणी रेघेच्या उजवीकडे जाऊन बसली आणि म्हणाली, "ही माझी बाजू." आमच्या घरात आल्यापासून 'माझी' हा शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकला.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी.

खाटा आणून आम्ही गॅलरीत उभ्या केल्या होत्या. गौरी-गणपतीला माझी नणंद आली. तिचे दीड वर्षाचे बाळ चालत चालत खाटेपाशी गेले आणि जाळीच्या दांड्याला चक्क दात लावू लागले. दांड्यावरच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघत होते. तिने बाळाला उचलले, तोंड पुसले, आम्ही हसलो आणि विषय संपला. रात्री मात्र मला झोप येईना. त्या रंगात काय असेल ते वाचून काढले, तेव्हा अंगावर काटा आला.

जुन्या तैलरंगांत शिसे असे. शिशामुळे रंग लवकर वाळे, उठावदार दिसे आणि टिके. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर बंधन घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. आता दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे चालत नाही. म्हणजे त्यापूर्वी रंगवलेल्या कोणत्याही खाटेत, पाळण्यात, खेळण्यात किंवा दारखिडकीत शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. शिसे पोटात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मेंदूची वाढ होत असताना त्याचा परिणाम बुद्धीवर आणि वागणुकीवर होतो, आणि तो भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे जितके शोषून घेतात, त्याच्या चार ते पाच पट लहान मुले शोषतात. ज्या मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्यांना धोका अधिक.

आणि आपण बायका उत्साहाच्या भरात काय करतो? खाट दिवाणखान्यात आडवी पाडतो, कोरडा पॉलिशपेपर घेतो आणि खसाखसा घासतो. तीच भुकटी हवेत उडते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. पोपड्यांपेक्षा ही भुकटी अधिक वाईट. तेव्हा जुना रंग घरात कोरडा घासू नये, त्याला ज्योतही लावू नये. पोपडे पडले असतील तर केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि फडके टाकून द्यावे. नणंदेला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सर्व सांगितले आणि बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालण्यास सांगितले. त्यांनी रक्त तपासून घेतले आणि काळजीचे काही निघाले नाही. पण ते नशीब म्हणायचे, त्यात माझे शहाणपण काही नव्हते.

आमच्या दोन्ही खाटा मग एका कारखान्यात गेल्या. तिथे बंद खोलीत वाळूचा मारा करून रंग काढतात आणि नवा रंग पूड फवारून भट्टीत पक्का करतात. त्या भट्टीत १८० ते २०० अंश उष्णता असते. ढेकूण साधारण ५० अंशांपुढे तग धरीत नाहीत. तेव्हा भट्टीतून त्यांची अंडीदेखील वाचणार नाहीत, हा आणखी एक लाभ झाला. आपल्या आज्या खाट उन्हात टाकून सांध्यांत उकळते पाणी ओतीत, त्यात मोठे शास्त्र होते. लाकडी बाकाच्या भेगांना आम्ही तोच उपाय केला आणि पाऊस उघडल्यावर त्याला गच्चीवर चार दिवस कडकडीत ऊन दिले.

पेटीला टाचणीच्या डोक्याएवढी काही भोके होती. किडा जुना आहे की जिवंत आहे, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पेटीखाली काळा कागद पसरून आठ दिवस ठेवावी. कागदावर पिठासारखा भुगा पडला तर किडा आत आहे. आमच्या कागदावर भुगा पडला. मग पॉलिशच्या आधी उघड्या लाकडावर टाकणखार आणि बोरिक पावडर यांचे पाणी दोनदा लावले. पुन्हा कागद ठेवला, तो कोरा राहिला. बाक आणि पेटी दोन्हींना रंग न देता चपड्याचे पॉलिश केले. चपडा म्हणजे आपली लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचा. मात्र स्पिरिट विषारी असते आणि भडकन पेटते, म्हणून ते काम दारे-खिडक्या उघडून आणि मुलांना शेजारी पाठवून करावे.

पेटीविषयी आणखी एक. झाकणाची पेटी आणि लहान मूल यांची गाठ धोक्याची. मूल खेळताना आत लपते, झाकण पडते आणि कडी बाहेरून अडकते. अमेरिकेत झाकण पडताच आपोआप बंद होणाऱ्या जुन्या पेट्यांत मुले गुदमरून गेली, आणि १९९६ मध्ये सुमारे एक कोटी वीस लाख पेट्यांची कुलपे बदलण्याची मोहीम काढावी लागली. आमच्या पेटीचा कोयंडा मी काढून टाकला. मिस्त्रींनी पाठीमागे तळाशी हवेसाठी चार भोके पाडली आणि झाकण धप्पकन पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेकू बसवले. त्याच हाताने खोलीतले उंच कपाट पाठीमागून भिंतीला पट्टीने जखडून घेतले. खण ओढून त्यावर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर कपाट कोसळते, ही गोष्ट नव्या कपाटालाही लागू आहे.

जुने काय घेऊ नये, तेही सांगते. गाद्या आणि उशा जुन्या घेऊ नयेत. कोणाचा घाम, कोणाचे ढेकूण त्यात आहेत ते दिसत नाही. जुना विजेचा दिवा घेतला तर वायर आणि होल्डर वायरमनकडून नवे घालून घ्यावे. तान्ह्या मुलाचा जुना पाळणा किंवा कठड्याची खाट घेताना दांड्यांमधली फट पाहावी. ती सहा सेंटिमीटरांहून अधिक असेल तर मोह आवरावा. तेवढ्या फटीतून बाळाचे अंग निसटते आणि डोके अडकते.

सासूबाईंची गोष्ट राहिलीच. शेवटच्या रविवारी मुलींनी पेन्सिली ठेवण्यासाठी एक पितळी पेला आणला. घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून तो फिरवून पाहिला. त्याच्या काठाखाली एका बाईचे नाव आणि १९५८ हे साल कोरलेले होते. त्या कितीतरी वेळ ते नाव वाचीत बसल्या. मग म्हणाल्या, "रुखवतातला दिसतो. माझ्याही पेल्यावर असंच घातलं होतं. तिच्या घरी आता कोणाला नको झाला असेल." आणि स्वतः चिंच-मिठाने तो लखलखीत घासून बाकाच्या फळीवर ठेवला. खाटेवर कोणी प्राण सोडला, हा प्रश्न त्यानंतर निघाला नाही.

खोलीची मांडणी अगदी साधी केली. मधे पडदा घालून दोन भाग करावेत, असा यजमानांचा विचार होता. मुलींनी तो मोडून काढला. दोन खाटा दोन भिंतींना काटकोनात लावल्या, त्यामुळे उशा एका कोपऱ्यात जवळ आल्या आणि रात्रीच्या गप्पांची सोय झाली. खिडकीखाली बाक ठेवला. डावीकडून उजेड येतो, हातांची सावली वहीवर पडत नाही. दाराशी खुंटाळे मुलींच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर लावले, तीन खुंट्या एकीच्या आणि तीन दुसरीच्या. माझ्या मुलीचा नवा पलंग आम्ही विकला आणि नवे टेबल यजमानांनी आपल्या कामाला घेतले. ते तिला जड गेले, हे मी लपवीत नाही. एक दिवस ती रुसली. तिला मी एवढेच सांगितले की, या खोलीत आता तुझेही सर्व नवेच आहे.

आपल्याला खर्चाची उत्सुकता असणार, म्हणून हिशेबाची वहीच आणली आहे. दोन खाटा २,८०० रुपये, बाक ९००, पेटी ४,०००, खुंटाळे ३००, पेला १५०, टेंपो ८००, खाटांचे वेल्डिंग आणि रंग १,८००, सुताराची मजुरी २,२००, पॉलिशचे सामान ६५०, आणि दोन नव्या गाद्या ६,०००. एकूण १९,६०० रुपये. सर्वांत मोठी रक्कम गाद्यांची आहे, आणि तीच योग्य जागी खर्च झाली असे मी म्हणेन.

दसऱ्याला खोली तयार झाली. सासूबाईंनी बाकावर पाटीपूजन मांडले आणि खाटांना झेंडूची माळ घातली. संध्याकाळी पुतणी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, माझी गोधडी कुठं आहे?" तिने 'मिळेल का' असे विचारले नाही, 'कुठे आहे' असे विचारले. मी माळ्यावर चढले, गोधडी काढली आणि तिची क्षमा मागितली. आपल्या आजीच्या हातचे टाके मी डागासाठी अडगळीत टाकले होते. जुन्या बाजारात परक्यांच्या वस्तू शोधीत हिंडणाऱ्या माझ्यासारख्या बाईला घरात चालून आलेली जुनी वस्तू तेवढी दिसली नव्हती! ती गोधडी आता तिच्या खाटेवर असते, आणि डाग भिंतीकडे न वळवता ती बाहेरच्या बाजूला टाकते.

खाट-बाक बदलले म्हणून पोरीला आईची आठवण येईनाशी झाली, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. रोज संध्याकाळी चिपळूणला फोन होई, आणि कधी कधी फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीत उभी राही. त्याला माझ्याजवळ उपाय नव्हता, आणि नसावाही. पण बॅगेतले कपडे पेटीत गेले, आणि रिकामी बॅग माळ्यावर गेली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी खोलीतून मोठा आवाज ऐकू आला. "तुझा टॉवेल माझ्या खुंटीवर का?" "कालपासून होता, तेव्हा नाही दिसला?" "ही खुंटी माझी आहे, ताई!" यजमान उठून सोडवायला निघाले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. म्हटले, "भांडू द्या. पाहुणी भांडत नाही."

चार दिवसांनी ती दिवाळीला चिपळूणला गेली. दारात चप्पल घालता घालता मागे वळून म्हणाली, "येते हं काकू. माझ्या पेटीला कोणी हात लावू नका."

मैत्रिणींनो, आता मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि बसते. आपल्या प्रत्येकीच्या माळ्यावर मुलांचा एखादा बाक, एखादी पेटी, एखादे खुंटाळे धूळ खात पडलेले असेल. पुढच्या वर्धापनदिनापूर्वी आपण एक रविवार ठरवून अशा वस्तू सभागृहात मांडाव्यात आणि गरज असेल त्या भगिनीने न्याव्यात. फक्त दोन अटी असाव्यात. जुना रंग असेल त्या वस्तूवर तशी चिठ्ठी लावावी, आणि वस्तू कोणी दिली ते नाव लावू नये. घेणाऱ्या घरातल्या मुलाला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली पाहिजे.